पहिलं प्रिंट घेताना

घरच्या भिंतीसाठी अमूर्त चित्राचं पहिलं प्रिंट, म्हणजे छापील प्रत, घेताना जॅक्सन पोलॉक या रंग ओतून-शिंपडून चित्रं काढणाऱ्या अमेरिकी चित्रकारानेच सुरुवात करायचा मोह आवरा. त्याचं ‘वन: नंबर 31, 1950’ हे न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयातलं चित्र सव्वापाच मीटरहून रुंद आहे. ते दोन फुटांत आणलं की रंगाच्या धारांचा नुसता गुंता उरतो. शिवाय मूळ चित्राची रुंदी उंचीच्या जवळजवळ दुप्पट. दुकानदार 36 बाय 24 इंचात पूर्ण भरलेलं प्रिंट देत असेल, तर कडा छाटल्यात हे समजून जा.

त्यापेक्षा त्याच काळातला अमेरिकी चित्रकार फ्रान्झ क्लाइन घ्या. ‘चीफ’ (1950) बघा. काळे जाड फटकारे लहान आकारातही जोर धरून राहतात आणि छपाईत रंग बिघडायची धास्ती कमी.

रंगांचे मोठे पट्टे रंगवणारा मार्क रॉथकोच हवा असेल तर साधी काच अजिबात नको. गडद रंगावर काच बसली की खिडकी, पंखा, तुमचा चेहरा, सगळं त्यात दिसतं; चित्र सोडून! मॅट कॉटन पेपर आणि काचेऐवजी चकाकी नसलेलं अ‍ॅक्रिलिक सांगा, किंवा कॅनव्हासवर छापून फ्लोटर फ्रेम (कॅनव्हासभोवती थोडी फट ठेवणारी चौकट) करून घ्या. त्याच्या रंगपट्ट्यांच्या विरत जाणाऱ्या कडांतच चित्राचा जीव आहे, म्हणून माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) चित्रावर चढू देऊ नका. माउंट बोर्ड अ‍ॅसिड-फ्री आहे ना, तेही विचारा. साधा बोर्ड कालांतराने कागद पिवळा करतो.

ओल येणारी भिंत टाळा. फ्रेममागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना फेल्टच्या टिकल्या चिकटवा, म्हणजे पावसाळ्यात मागून हवा खेळेल. आणि सोफ्याशी रंग जुळवत बसू नका, रोज बघावंसं वाटेल तेच घ्या.