आठ हजारांची कार्यशाळा आणि शंभर पानी वही

तुमचा प्रश्न असा आहे: वय २५, कंपनीत स्टोअर्सला आहे, मित्र म्हणतो आठ हजार भरून तीन दिवसांची व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा कर. अशा गोष्टींचा आयुष्यात आणि नोकरीत खरंच उपयोग होतो का?

कार्यशाळेचं आधी उरकतो. मी एक केली आहे, कंपनीनेच पाठवलं होतं. टाळ्या वाजवल्या, डोळे मिटून 'मी करू शकतो' म्हटलं, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. जेवण चांगलं होतं. सोमवारी कामावर आलो तेव्हा अंगात वारं भरलं होतं, गुरुवारपर्यंत उतरलं.

माझ्यात जो काही फरक पडला तो दुसरीकडे पडला. २००३ साली बार्शीकडून भोसरीला आलो. आयटीआय टर्नर, ठेकेदाराच्या माणसांत. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, ऑपरेटर म्हणजे काय, तर जॉब (कापायचा धातूचा तुकडा) लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं. साइज बिघडली की सेटरला, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याला, हाक मारायची. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजत गेला की जॉबचा बाहेरचा व्यास वाढत जातो, २५ मिलिमीटरचा जॉब २५.०२ यायला लागतो. सेटर यायचा, स्क्रीनकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा, दोन-तीन बटणं दाबायचा, साइज जागेवर. पाठ मुद्दाम असायची. त्याला दोष देत नाही, त्याची भाकरी त्या बटणांवर होती.

मग मी नाइटला एक शंभर पानी वही न्यायला लागलो. स्क्रीनवरचा प्रोग्राम ओळीओळीने उतरवायचा आणि मशीन चालू असताना काचेतून बघायचं, कोणत्या ओळीला टूल काय करतंय. या ओळींतल्या हुकमांना जी-कोड म्हणतात: जी०० ला टूल झपकन पळतं, जी०१ ला सावकाश कापत जातं, जी०२ आणि जी०३ ला गोलाई घेतं. महिनाभर कळत नव्हतं, मग एकदम कळायला लागलं. सेटरची जादू म्हणजे स्क्रीनवर वेअर ऑफसेटच्या पानावर, म्हणजे टूलची झीज भरून काढायचे आकडे असतात तिथे, एक्समध्ये (व्यासाच्या रकान्यात) उणे ०.०२ टाकणं, बाकी काही नाही. पहिल्यांदा मी ते कुणाला न विचारता केलं. तसं करू नका. दशांश चिन्ह चुकलं असतं तर टूल जॉबमध्ये घुसलं असतं आणि मी गावाला. दोन वर्षांनी मी सेटर झालो.

पण सगळ्यात जास्त शिकलो ते एका चुकीतून. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं होतं. वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत: आपल्याकडे आयटीआयला फर्स्ट अँगल शिकवतात, तिकडे थर्ड अँगल चालतो. आपल्यात डावीकडून दिसणारं चित्र उजवीकडे काढतात, त्यांच्यात उजवीकडून दिसणारं उजवीकडेच. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तासलेल्या शंकूचं छोटं चिन्ह असतं, त्यावरून ते ओळखायचं. मी चिन्ह पाहिलंच नाही. खाच उलट्या बाजूला गेली, ४० जॉब बाद.

आमच्याकडे तेव्हा रीत अशी होती, की बाद माल लोखंडाच्या किसाखाली दाबायचा आणि गप्प बसायचं. मीही आधी तेच करायला निघालो होतो. पण ४० जॉब दाबायला कीसही पुरेना (आता हसू येतं). सकाळच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं: किती जॉब, कोणत्या शिफ्टला, कधी लक्षात आलं, का झालं. आवाज कापत होता. साहेब चिडले, बरंच बोलले. पण त्यानंतर रिजेक्शनचं, म्हणजे बाद मालाचं, व्हाय-व्हाय लिहायला मलाच बसवायला लागले. टोयोटाकडून आलेली पद्धत आहे, 'का' पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं. आज मी क्वालिटीला, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात, आहे तो जी-कोडमुळे कमी आणि त्या लिहिण्या-बोलण्यामुळे जास्त, असं मला वाटतं. घरी मात्र व्हाय-व्हाय चालत नाही. एकदा भाजी का करपली यावर करून पाहिलं.

यातून सगळं भलंच होतं असं सांगणार नाही. २००८-०९ च्या मंदीत काम आटलं आणि ठेकेदाराची माणसं आधी काढली. मीही गेलो, साडेचार महिने गावी होतो. माझ्याहून जास्त शिकलेला एक जणही माझ्याबरोबर गेला आणि त्याला परत बोलावणं आलंच नाही.

आयुष्याचं विचारलंत, तर माझ्यापेक्षा बायकोचं उदाहरण चांगलं. नववीनंतर तिची शाळा सुटली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात त्या वेळी दहावी-बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता, त्यातून ती बीएला गेली. दोन मुलं सांभाळून पाच वर्षं लागली. नोकरी तिने केली नाही. माझी आई विचारायची, "मग एवढं कशाला गं शिकलीस?" आता बचत गटाचा हिशेब तिच्याकडे आहे. पूर्वी बँकेत स्लिप भरायलाही मला रजा टाकायला लावायची, आता व्याज कसं लावलंत ते मॅनेजरला विचारून येते. हे पगाराच्या चिठ्ठीत कुठे दिसणार?

तुम्ही स्टोअर्सला आहात. महिनाअखेरीला संगणकावरचा साठा आणि रॅकवरचा माल जुळत नसणारच, कुठेच जुळत नाही. तीन महिने एका वहीत लिहा, कोणती आयटम दर वेळी कमी भरते, कोणत्या शिफ्टला चिठ्ठीशिवाय माल उचलला जातो. एक्सेल येत नसेल तर त्याच निमित्ताने शिका, यूट्यूबवर मराठीतून फुकट आहे. मग ते कागदावर मांडून साहेबांपुढे ठेवा. कुणा माणसाचं नाव मात्र घालू नका, नाहीतर उद्यापासून डबा एकट्याने खायला लागेल.

कार्यशाळेचे पैसे अजून भरले नसतील तर तूर्त थांबा.