वहीतल्या बेरजेने न सुटलेला प्रश्न

“इतका विचार करूनही निर्णय होत नाही, मग माझ्यातच काही कमी आहे का?” हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांकडून वारंवार येतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून त्याबद्दलचा एक अनुभव सांगते.

हिशेबतपासणीचे काम करणाऱ्या एक बाई वही घेऊनच आल्या. विसराळूपणा वाढत चाललेल्या वडिलांना आपल्याकडे आणावे, त्यांच्याच घरी मदतनीस ठेवावा की भावाकडे पाठवावे, असे तीन रकाने आखून त्यांनी प्रत्येक बाजूला दहापैकी गुण दिले होते. पुन्हा पुन्हा खोडल्यामुळे कागद जागोजागी विरला होता. बेरीज मनाविरुद्ध आली की त्या गुण बदलत आणि मनासारखी आली की अपराधी वाटून पुन्हा बदलत.

विचार कमी पडत नव्हता. पद्धत वेगळ्या जातीच्या प्रश्नाची होती. व्यवस्थापन सल्लागार डेव्ह स्नोडन यांनी 1999च्या सुमारास मांडलेल्या, निर्णयासाठी प्रश्नांचे प्रकार पाडणाऱ्या चौकटीत हा फरक स्पष्ट होतो: किचकट प्रश्न जाणकाराला आधी अभ्यास करून सोडवता येतो, पण गुंतागुंतीच्या प्रश्नात माणसे एकमेकांमुळे बदलत राहतात, त्यामुळे परिणाम आधी मोजता येत नाही, लहानसा प्रयोग करूनच तो कळतो.

म्हणून आम्ही प्रश्नाचे भाग पाडले. विसरण्याचे कारण डॉक्टरांकडे सोपवले, कारण बी-12ची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार असतात. वडील दोनदा गॅस चालू ठेवून झोपले होते, हे कळल्यावर मात्र मी चर्चा थांबवली. तिथे आधी कृती हवी होती, आणि सोबतीची व्यवस्था त्याच दिवशी झाली. परका माणूस त्यांना घरात चालेल का, हे कोणतीही वही सांगू शकत नव्हती. त्यासाठी पंधरा दिवस दिवसा मदतनीस ठेवायचा आणि वडिलांचे जेवण, झोप व चिडचिड यांची नोंद घ्यायची, असे ठरले. प्रयोग फसला तर मागे फिरता येईल, एवढी खात्री मिळाल्यावर बाईंचा आवाज सैलावला.

वडिलांना स्वतःला काय हवे, याचा रकाना वहीत नव्हता. मी विचारले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग रडल्या. वडील हळूहळू दुरावत आहेत, या दुःखाला उत्तर नव्हते, आणि त्या दिवशी आम्ही ते शोधलेही नाही.

पुढच्या भेटीत वहीत चौथा रकाना होता. त्यात गुण नव्हते, वडिलांचे एकच वाक्य होते: “माणूस चालेल, पण सकाळचा चहा मीच करणार.”