घरमालक घर खाली करायला सांगतात, या वयात जायचे कुठे?

भाड्याच्या घरात राहणारे ज्येष्ठ नागरिक समुपदेशनासाठी येतात, तेव्हा करार संपला आहे, नवे भाडे झेपणारे नाही आणि आता रस्त्यावर येण्याची वेळ आली आहे, अशी त्यांची भीती बहुधा पहिल्या दोन वाक्यांतच बाहेर पडते. अशाच एका कुटुंबासोबत केलेल्या कामाचा अनुभव येथे मांडते आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेले. काकू त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. काकांची विधवा थोरली बहीण, जिला घरात सगळे आक्का म्हणतात, तीही त्यांच्याकडेच राहत होती. खाजगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना कर्मचारी पेन्शन योजनेतून मिळणारी रक्कम किती तुटपुंजी असते, हे त्या घरांतच कळते. २०१४ पासून तिची किमान मर्यादा दरमहा १,००० रुपये आहे आणि काकांचे पेन्शन त्याहून फार जास्त नव्हते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेला पैसा मुलीच्या लग्नात आणि काकूंच्या शस्त्रक्रियेत संपला होता. उरलेल्या ठेवीचे व्याज आणि मुलगा अधूनमधून पाठवत असलेले पैसे यांवर भाडे निघत होते. घरमालकांना ते घर स्वतःच्या मुलीसाठी हवे होते आणि त्यांनी तसे लेखी कळवलेही होते. ते पत्र काकांनी कपाटात ठेवून दिले होते. काकूंना ते सापडले, म्हणून तिघे माझ्याकडे आले.

पहिल्या भेटीत काका जवळजवळ काहीच बोलले नाहीत. काकू एवढेच म्हणाल्या, "अहो, मला निदान सांगायचं तरी होतं." त्यांचा राग घर जाण्यापेक्षा त्या लपवाछपवीवर अधिक होता, हे मला तेव्हाच जाणवले. ज्या घरात पैशाचा विषय निघताच एक माणूस गप्प होतो, तेथे बेघर होण्याच्या भीतीला आकार राहत नाही. ती प्रत्येकाच्या मनात वेगळी आणि वेगवेगळ्या आकाराची वाढते. म्हणून मी नातेसंबंधांकडे वळण्याआधी त्यांना दोनच गोष्टी शोधायला सांगितल्या. घर प्रत्यक्षात कोणत्या तारखेपर्यंत सोडावे लागेल, आणि भाड्यासाठी दरमहा नेमके किती रुपये कमी पडतात?

तारखेसाठी करार पाहावा लागला. तो अकरा महिन्यांचा, नोंदणीकृत 'लिव्ह अँड लायसन्स' करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी देणारा करार होता आणि त्याची मुदत नुकतीच संपली होती. एकरकमी पागडी भरून वर्षानुवर्षे राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंना मिळणारे संरक्षण अशा कराराला लागू होत नाही. शेजाऱ्यांनी "कोणी काढू शकत नाही, बसून राहा" असा जो सल्ला दिला होता, तो म्हणूनच धोक्याचा होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावरही घर न सोडल्यास ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. मात्र ताबा मिळवण्यासाठी मालकालाही सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो. परस्पर कुलूप बदलण्याचा किंवा सामान बाहेर काढण्याचा अधिकार त्याला नसतो. त्या प्राधिकाऱ्याचे समन्स आले तर तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्रासह बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते, अन्यथा मालकाचे म्हणणे मान्य आहे असे धरले जाते. आलेला कागद कपाटात ठेवणे किती महाग पडू शकते, ते यावरून लक्षात यावे.

घरमालक समंजस होते. काका आणि काकू दोघांनी मिळून त्यांची भेट घेतली, तीन महिन्यांची मुदत मागितली आणि तेवढ्या काळाचा करार पुन्हा नोंदवून घेतला. अनामत रक्कम ताबा देतानाच परत मिळेल, हेही त्यात लिहून घेतले. नव्या घराची अनामत त्याच पैशांतून भरायची असल्याने ही ओळ त्यांच्यासाठी भाड्याइतकीच महत्त्वाची होती.

तारीख हाती आली, पण आकडा काढणे अधिक अवघड गेले. हिशेब काकूंना तोंडपाठ होता, काकांना तो ऐकवत नव्हता. स्वस्तातले, थोडे लांबचे घर घेतले तरी दरमहा सहा हजार रुपये कमी पडत होते. मुलाला हे सांगावे, असे मी सुचवताच काका म्हणाले, "मुलापुढे हात पसरायचा नाही, हे मी ठरवलेलं आहे." हे वाक्य मी अनेक वडिलांच्या तोंडून ऐकले आहे आणि त्यामागच्या स्वाभिमानाचा मला आदर आहे. तरीही काकांना एकट्याने भेटून मी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यात चरितार्थाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र आणि वैद्यकीय उपचार यांच्या बरोबरीने निवासही आहे. स्वतःच्या उत्पन्नातून ज्यांचे भागत नाही, ते आई-वडील सज्ञान मुलगा आणि मुलगी या दोघांकडूनही, मुलीचे लग्न झालेले असले तरी, ही रक्कम मागू शकतात. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, सलोख्याचा प्रयत्न होऊ शकतो आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंतचा आदेश मिळू शकतो.

अर्ज करा, असा आग्रह मी धरला नाही. ज्या घरात मारहाण, उपासमार किंवा घराबाहेर काढण्याची धमकी असते, तेथे मी वेळ न दवडता त्याच मार्गाने जायला सांगते; येथे मुलाला परिस्थितीची कल्पनाच नव्हती. दर रविवारी फोनवर वडील "आमचं उत्तम चाललंय" म्हणत आणि तो ते खरे मानत असे. कायद्याचा उल्लेख मी केला तो काकांच्या मनातला 'हात पसरणे' हा विचार ढिला व्हावा म्हणून. जे कायद्याने देणे लागते ते मागण्यात लाज कसली, हे त्यांना पटायला वेळ लागला, पण पटले.

फोन कसा करायचा, याची आम्ही तयारी केली. तक्रार नको, जुने दाखले नकोत, मुला-मुलीची तुलना नको. फक्त तारीख आणि आकडा. काकांनी मुलाला सांगितले, "घर तीन महिन्यांत सोडायचं आहे. नव्या घरासाठी दर महिन्याला सहा हजार कमी पडतात. तू आणि ताईनं मिळून त्याचं काय करता येईल ते बघा." मुलगा काही क्षण गप्प राहिला आणि मग चिडला, ते आधी का सांगितले नाही म्हणून. त्या चिडण्याने काका दुखावले. पुढच्या भेटीत आम्ही त्यावरच बोललो, कारण मुलाच्या रागात काळजी होती हे काकूंना कळले होते, काकांना नाही.

मुलाने चार हजार रुपये दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यात जमा करायचे मान्य केले, मुलीने दोन. एकट्या वृद्धांना घर द्यायला मालक कचरतात, ही अडचण शोधाच्या वेळी पुन्हा पुन्हा आली. नव्या करारात मुलाचे नाव जोडल्यावर ती सुटली. आक्कांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची पात्रता तपासायला तहसील कार्यालयात जायला मी सांगितले. पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी असलेल्या या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये इतकी कमी आहे की अनेक गरजू बाहेर राहतात, आणि ही मर्यादा मला अन्यायकारक वाटते. तरीही भावाचे उत्पन्न आक्कांच्या नावावर धरले जाते का, हे विचारल्याशिवाय परतू नका, असे मी बजावले. त्यांचा अर्ज दाखल झाला आहे, निर्णय अजून आलेला नाही.

ज्यांना मुले नाहीत किंवा मुलांशी बोलण्याची स्थिती नाही, त्यांनी ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर फोन करावा. घर सोडण्याचे समन्स हाती पडले असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून काकूंसारख्यांनी अर्ज स्वतःच्या नावाने करावा. जाताना करार, भाडे भरल्याच्या पावत्या, पेन्शनचे पासबुक आणि मालकाचे पत्र सोबत न्यावे. मुलीचे दोन हजार एखाद्या महिन्यात उशिरा येतात. त्या महिन्यात काका आता स्वतः तिला फोन करतात.