कोल्हापूर विमानतळावर सेल्फ ड्राइव्ह गाडी घेऊन गोव्याच्या विमानतळावर सोडता येईल का? सगळीकडं शाखा असलेली कंपनी कशी शोधायची?

तुमचा बेत मला कळला तो असा: चौघं मुंबईहून विमानानं कोल्हापूरला उतरणार, अंबाबाई आणि जोतिबा करून रत्नागिरीला एक मुक्काम, तिथून गोवा, आणि परतीचं विमान गोव्यातल्या मोपा विमानतळावरून. कोल्हापूर, रत्नागिरी आणि गोवा तिन्हीकडं शाखा असलेली कंपनी तुम्हाला हवी आहे, म्हणजे एका विमानतळावर गाडी घ्यायची, दुसऱ्यावर किल्ली देऊन मोकळं व्हायचं, आणि गाडी रिकामी परत येण्याचे पैसे द्यायचे नाहीत.

बेत झकास आहे, पण आमच्याकडं गाड्यांचा धंदा अशा शाखांवर चालत नाही.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ॲडमिनला आहे. चौदा वर्षं झाली, कास्टिंग बघायला येणाऱ्या ऑडिटरांच्या गाड्या ठरवणं आणि आमची पोरं कोईमतूर, राजकोट, चेन्नईला गेली की तिथं गाडी उभी करणं हे माझंच काम. त्यात एवढं कळलं, की वेबसाइटवर गावाच्या नावापुढं टिंब दिसलं म्हणजे तिथं ऑफिस आहे, माणूस आहे, गाडी आहे असं काही नसतं. बऱ्याचदा ते टिंब म्हणजे "या गावात आम्ही गाडी पाठवू शकतो" एवढंच.

हे मी पैसे घालवून शिकलो. एका पाहुण्यासाठी ऑनलाइन बुकिंग केलं होतं. पानावर स्वच्छ लिहिलेलं, पिकअप कोल्हापूर विमानतळ शाखा. नकाशावरची खूण उघडून बघितली तर विमानतळ आहे त्या उजळाईवाडीच्या बाहेर उसाच्या फडात. म्हटलं, चुकून सरकली असेल. विमान उतरलं, पाहुणे बाहेर आले, मी बोर्ड धरून उभा, गाडीचा पत्ता नाही. पंचवीस मिनिटांनी गाडी आली. नंबर बघितला, एमएच 50. म्हणजे कराड पासिंग. ड्रायव्हर बिचारा घामाघूम होऊन म्हणाला, "साहेब, मला सकाळी सातला फोन आलाय, कराडहून निघालोय." चौथ्या दिवशी बिल आलं, त्यात कराड ते कोल्हापूर आणि परत असे 140 किलोमीटर धरलेले. दर तेव्हा 13 रुपये. म्हणजे 1,820 रुपये असे, की ज्या अंतरात आमचा पाहुणा गाडीत बसलाही नव्हता. भांडायला फोन केला तर पलीकडून शांतपणे उत्तर, "सर, अटींमध्ये गॅरेज टू गॅरेज लिहिलेलं आहे." होतंच लिहिलेलं.

या धंद्यातला सगळ्यात महागडा शब्द कुठला असेल तर हा 'गॅरेज टू गॅरेज'. मीटर तुम्ही बसल्यापासून सुरू होत नाही, गाडी आपल्या जागेवरून हलल्यापासून होतो आणि ती परत जागेवर पोचल्यावर थांबतो. त्यामुळं कंपनीची शाखा कुठं आहे यापेक्षा गाडी रात्री कुठं उभी असते, हे कळायला पाहिजे. त्यातून मोठ्या नावाच्या कंपन्यांकडं आमच्यासारख्या गावात बहुतेक गाड्या 'अटॅच' असतात. गाडी मालकाची, नाव कंपनीचं. ॲपवरून सेल्फ ड्राइव्ह घेता तेव्हाही तेच. झूमकार 2013 मध्ये बंगळूरला स्वतःच्या गाड्या घेऊन सुरू झाली, आता तिच्या ॲपवर लोक आपापल्या गाड्या भाड्याला लावतात. म्हणजे 'शाखा' म्हणून जी खूण दिसते ती कुणाच्या तरी अपार्टमेंटचं पार्किंग असू शकते. त्यात वाईट काही नाही, फक्त तुम्ही सकाळी सहाला तिथं पोचलात आणि वॉचमन गेट उघडेना, तर काउंटरवर जाऊन कुणाला बोलायची सोय नसते.

मी आता फोनवर तीनच गोष्टी विचारतो. गाडी आत्ता या क्षणी कुठं आहे? पासिंग कुठलं? आणि किलोमीटर कुठून धरणार? खरा माणूस पटकन सांगतो, "हितंच हाय की साहेब, कावळा नाक्याला लावलीया, नऊ नंबर पासिंग." जो "सर, व्हेइकल विल बी अरेंज्ड" म्हणून सुरुवात करतो, त्याची गाडी सांगलीहून किंवा कराडहून येणार हे धरून चालायचं. सांगली पन्नासेक किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन शंभर. पासिंगवरून अंदाज येतो तो असा: 09 कोल्हापूर, 10 सांगली, 11 सातारा, 50 कराड, 07 सिंधुदुर्ग, 08 रत्नागिरी. अर्थात दहा नंबरची गाडी कोल्हापुरातच राहणारी असू शकते, म्हणून तिन्ही प्रश्न विचारायचे.

विमानतळाचं सांगतो. आमचा विमानतळ तसा जुना, राजाराम महाराजांच्या काळात 1939 मध्ये सुरू झालेला. नवीन टर्मिनल 2024 मध्ये झालं आणि बाहेरून वाड्यासारखं दिसतं, बघून घ्या. पण पुणे-मुंबईच्या विमानतळासारखी 'ॲरायव्हलमधून बाहेर पडलो, काउंटरवर सही केली, किल्ली घेतली' अशी सवय इथं धरू नका. आमच्या पाहुण्यांना उजळाईवाडीला गाडी मिळाली ती दर वेळी शहरातून बोलावलेली. शहर जेमतेम नऊ-दहा किलोमीटर. काहीजण विमानतळावर गाडी आणून देण्याचे वेगळे पैसे लावतात, तेव्हा सरळ रिक्षा नाहीतर टॅक्सी करून दाभोळकर कॉर्नरला या. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनच्या त्या पट्ट्यात ट्रॅव्हल्सवाल्यांची दुकानं आहेत. गाडी डोळ्यांनी बघून, टायर बघून ठरवता येते. बुकिंग आधीच केलं असेल तर विमानाचा नंबर त्यांना देऊन ठेवा. पावसाळ्यात मुंबईचं विमान रखडतं, आणि वेळेवर माणूस आला नाही म्हणून गाडी दुसऱ्याला दिली, असं माझ्या समोर झालंय.

आता जरा नीट वाचा. इथं विचारायला लागलात की कुणीतरी म्हणेल, "आपल्या मित्राची क्रेटा आहे, दिवसाला एवढे द्या, घेऊन जा." पांढऱ्या पाटीची गाडी असेल तर हात लावू नका. सेल्फ ड्राइव्हसाठी कायदेशीर दिलेल्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. ड्रायव्हरसकट भाड्यानं मिळते ती पिवळी पाटी, काळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे घरची गाडी, आणि घरच्या गाडीचा विमा भाड्यानं दिल्यावर चालत नाही, तसं पॉलिसीतच लिहिलेलं असतं. आंबा घाटात एखाद्या वळणावर घासली तर नुकसान तुमच्या खिशातून, वर मित्र नावाचा माणूस फोन उचलणार नाही. काळ्या पाटीच्या गाड्या आमच्याकडं कमी दिसतात त्याचं कारणही कायद्यातच आहे. 1989 ची रेंट-अ-कॅब योजना आहे, तिच्यात लायसन्स घ्यायला किमान पन्नास गाड्यांचा ताफा लागतो. कोल्हापुरातला साधा ट्रॅव्हल्सवाला पाच-सात गाड्यांवर संसार चालवतो, तो पन्नास कुठून आणणार! गोव्यात मात्र काळ्या पाट्या पावलोपावली दिसतील.

तर कोल्हापुरात घेऊन गोव्यात सोडायची सेल्फ ड्राइव्ह, हा नाद सोडा. देणारा भेटलाच तर गाडी परत आणायला माणूस पाठवण्याचा खर्च तुमच्याकडूनच घेणार, शिवाय राज्य बदलतंय. त्यापेक्षा हा हिशेब बघा.

ड्रायव्हरसकट बाहेरगावी गाडी घेतली की दिवसाला किमान 300 किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात, तुम्ही शंभर फिरा नाहीतर दोनशे. काहीजण 250 धरतात. तुमचे दोन दिवस, म्हणजे 600 किलोमीटर. कोल्हापूर ते रत्नागिरी आंबा घाटानं 130 च्या आसपास. तिथून मुंबई-गोवा हायवेनं राजापूर, कणकवली, सावंतवाडी करत मोपा दोनशेच्या आसपास. गाडी रिकामी आंबोलीमार्गे कोल्हापूरला परत येणार ते दीडशेच्या थोडं वर. बेरीज पाचशेच्या आत नाहीतर तिथंच कुठंतरी. म्हणजे गाडी रिकामी परत येण्याचे जे पैसे वाया जाणार म्हणून तुम्ही एकाच कंपनीच्या तीन शाखा शोधत होता, ते त्या सहाशेत आधीच भरलेले आहेत. वर जोतिबाचा फेराही बसतो. याशिवाय ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा मुक्काम, टोल आणि पार्किंग वेगळं, ते आधी बोलून घ्या. आणि 'ऑल इंडिया परमिट आहे का' एवढं विचारा, नाहीतर गोव्याच्या हद्दीवर टॅक्सची पावती फाडायला तुम्हालाच पैसे मागतील.

गोव्यात पोचल्यावर तिथली काळ्या पाटीची गाडी घ्या आणि मोपालाच सोडा. बुकिंग करताना एक चूक हमखास होते. 'गोवा विमानतळ' म्हणून दोन आहेत. दाबोळी वास्कोजवळ, मोपा पेडण्यात, म्हणजे दोन टोकांना. मोपा सुरू झाला 2023 च्या जानेवारीत, पण 'गोवा विमानतळ' म्हटलं की जुन्या सवयीनं बरेचजण अजून दाबोळीच धरतात. शोधताना गावाचं नाव टाकू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. मोपाचा जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. कोल्हापूरचा केएलएच, बेळगावचा आयएक्सजी. तिकिटावर तो छापलेला असतो, तोच बुकिंगवर आहे का ते जुळवून बघायचं.

परत करायच्या शाखेबद्दल एक आठवण सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शिरोलीजवळ हायवेवर आली आणि पुणे-बंगळूर रस्ता काही दिवस बंद पडला. आमच्याकडं आलेले एक इंजिनिअर पुण्याहून सेल्फ ड्राइव्ह घेऊन आले होते. गाडी कोल्हापुरात, शाखा पुण्यात, मध्ये पाणी. कंपनीचा फोनवरचा पोरगा रोज विचारायचा, "सर, आज ड्रॉप करताय ना?" त्याला फोटो पाठवले, बातम्या पाठवल्या, तरी दिवस मोजणं थांबेना. शेवटी निम्मं भाडं माफ झालं, तेही महिनाभर ईमेल केल्यावर. 2021 च्या जुलैत तोच रस्ता पुन्हा बुडाला. जुलै-ऑगस्टात येणार असाल तर 'रस्ता बंद असेल तर वाढीव दिवसाचं काय', हे व्हॉट्सॲपवर लेखी घेऊन ठेवा.

परदेशात भाड्याच्या गाड्यांच्या शाखा कशा असतात, असं एकानं प्रतिक्रियेत विचारलंय, त्याचं दोन ओळीत. तिथं शाखा खरोखर शाखा असतात. 2023 मध्ये आमची मंडळी जर्मनीत डुसेलडॉर्फच्या गिफा या फौंड्रीच्या प्रदर्शनाला गेली होती. विमानतळावरची शाखा उशिरापर्यंत उघडी पण महाग, गावातली स्वस्त पण शनिवारी दुपारी कुलूप आणि रविवारी बंद. डिपॉझिट ज्याच्या नावानं गाडी त्याच्याच क्रेडिट कार्डावर अडकवतात, बायकोचं कार्ड चालत नाही.

तुम्ही तारीख लिहिलेली नाही. नवरात्रातली असेल तर आजच फोन लावा, ललिता पंचमीच्या आसपास गावात चांगली गाडी उरत नाही. आणि अंबाबाईच्या देवळाजवळ गाडी न्यायचा आग्रह धरू नका, ड्रायव्हरला बिंदू चौकात थांबायला सांगून चालत जा.