घट्ट ब्लाउज घरी सैल करता येतो का, आणि जुन्या इरकल साडीचं बाळासाठी काय शिवावं?

तुम्ही विचारलंय की लग्नात शिवलेले ब्लाउज आता घट्ट होतात, मशीनवर तुम्हाला फक्त सरळ टीप येते, तर ते घरी सैल करता येतील का. शिवाय महिन्याभरावर नणंदेच्या बाळाचं बारसं आहे, त्यासाठी सासूबाईंच्या जुन्या इरकल साडीतून काहीतरी शिवून द्यायचंय. दोन्ही कामं साध्या सरळ शिलाईवर होतात. मी इथे कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. वीस-बावीस वर्षं घरच्यांचे आणि शेजारणींचे कपडे हातमशीनवर दुरुस्त करतेय, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी ब्लाउज उलटा करा आणि काखेखालची शिलाई बघा. टिपेच्या पलीकडे जे कापड आत राहिलेलं असतं त्याला माया म्हणतात, आणि सगळं काम त्या मायेवर आहे. चांगला शिंपी बाजूला इंचभर तरी माया ठेवतो आणि तिच्यात पाव-पाव इंचावर दोन-तीन समांतर टिपा मारून ठेवतो, पुढे सैल करायला म्हणून. तशा टिपा दिसल्या तर तुमचं काम दहा मिनिटांचं. दोन्ही बाजूंची अंगाकडची एकेक टीप उसवा, झालं. पाव इंच वाचून थोडं वाटेल, पण हिशोब करा. दोन बाजू, प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा असे दोन पदर, म्हणजे पाव इंच चार वेळा. छातीचा घेर पुरा एक इंच वाढतो. अर्धा इंच सरकलात तर दोन इंच. म्हणून एकदम फार सोडू नका.

जादा टिपा नसतील पण माया असेल, तर नवी टीप आधी मारा आणि जुनी नंतर उसवा. नवशिक्या बायका आधी सगळं उसवतात, मग अस्तर एकीकडे, कापड दुसरीकडे सरकतं आणि मुंढ्याचा, म्हणजे बाही बसवलेल्या गोलाईचा, जोड जुळत नाही. जुनी टीप जागेवर असताना तिच्या बाहेरून, मायेच्या बाजूला, खडूने रेघ मारा आणि बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एका दमात टीप घ्या. मुंढ्याच्या जोडावर कापडाचे पदर जास्त असतात, तिथे मशीन पायाने किंवा मोटरवर न चालवता चाक हाताने फिरवा, सुई मोडत नाही. सुती ब्लाउजला १४ नंबरची सुई, रेशमी किंवा पातळ कापडाला ११. मग जुनी टीप ब्लेडने दर चार-पाच टाक्यांवर कापून दोरा ओढून काढा. सुती कापडावर राहिलेली भोकं ओला फडका ठेवून इस्त्री केली की बरीचशी मिटतात. रेशमावर ती राहतात. जुन्या गडद ब्लाउजमध्ये आतली माया कधी उन्हात गेलेली नसते, त्यामुळे बाजूला गडद पट्टा दिसतो. तो हाताखाली जातो, मला तो कधी खटकला नाही.

माया अजिबात नसेल तर दोन्ही बाजूंना पट्टी घाला. घेर दोन इंच वाढवायचा तर तयार पट्टी प्रत्येक बाजूला एक इंचाची, म्हणजे कापताना दोन इंच रुंद, कारण दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच शिलाईत जातो. साडीच्या रंगाचं टू बाय टू, म्हणजे ब्लाउजचं साधं कापड, आमच्या इथे महाद्वार रोडवर सहज मिळतं. बाही घट्ट नसेल आणि फक्त काखेत ओढत असेल तर पूर्ण पट्टीची गरज नाही, काखेत छोटी चौकोनी कळी पुरते. पण कळीला चार कोपरे नीट वळवावे लागतात, तुम्ही पहिल्यांदा पट्टीच करा.  

आता बाळाचं. माझ्या मते झबलं-टोपरं शिवू नका, बारशाला ते ढिगाने येतात आणि दोन महिन्यांत लहान होतात. वाकळ, म्हणजे गोधडी, शिवा. ३६ बाय ३६ इंचाची छोटी वाकळ बाळ चालायला लागेपर्यंत अंथरायला होते.

साडी कापण्याआधी उजेडासमोर धरून सगळी बघा. बसण्या-उठण्याचा भाग विरलेला असतो, तिथून पलीकडचं दिसतं. तो सोडून द्या. जुन्या इरकलचं अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी असतो, आणि विणतानाच पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. तो जोड आणि पदर वाकळीत घेऊ नका, धुताना दोन्ही सारखे वागत नाहीत. साडी खरंच सुती आहे का याची खात्री नसेल तर काठाजवळचे दोन धागे ओढून जाळून बघा. सुताचा कागदासारखा वास येतो आणि राख भुगा होते. वितळून कडक गोळी झाली तर धागा कृत्रिम आहे, ती साडी बाळाला नको.

माझ्या हातून एक चूक झाली होती ती तुमच्या हातून होऊ नये. भाचीसाठी पहिली वाकळ केली तेव्हा हौसेने कडेला इरकलच्या लाल पदराची पट्टी लावली. पंधरा दिवस हाताने धावदोरा घातला. पहिल्याच धुण्यात लाल रंग सुटला आणि आतली पांढरी मलमल डागाळली. मला फार वाईट वाटलं, बहिणीने तरी ती वापरली. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यावर ओला पांढरा फडका जोरात घासते. फडक्याला रंग लागला की तो तुकडा बाद.

आतल्या थरासाठी जुनं धोतर सर्वांत मऊ. नसेल तर साधी सुती मलमल घ्या, पण कोरी वापरू नका. इचलकरंजी इथून तीसेक किलोमीटरवर, १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग लागला, तेव्हापासून आपल्या भागात सुती कापडाची ददात नाही. मात्र मागावर धागा तुटू नये म्हणून ताण्याला खळ देतात. रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून मगच कापा, नाहीतर वाकळ शिवल्यावर आतला थर आटतो आणि वरचं कापड फुगतं.

वर-खाली साडी आणि मध्ये धोतर किंवा मलमल असे तीन थर फरशीवर अंथरा, कोपऱ्यांवर वरवंटा, डबा, जे जड असेल ते ठेवा आणि मधून कडेकडे कच्चे टाके घाला. मग कडा आत दुमडून हाताने धावदोरा, दोन रेघांमध्ये बोटभर अंतर. मशीनवर घालता येतो, पण मशीनची वाकळ कडक होते, बाळाच्या अंगाखाली हातशिलाईच बरी. रोज रात्री तासभर बसलात तर महिन्यात सहज पुरी होईल. टिकल्या, मणी, जर, लोंबते गोंडे काही लावू नका. गाठी दोन थरांच्या मध्ये लपवा.

उरलेल्या पदराला कात्री न लावता तो सासूबाईंना परत द्या. साडी त्यांची आहे, तर कापण्याआधी त्यांना विचारा आणि नजर चांगली असेल तर कडेची पहिली रेघ त्यांनाच घालू द्या. बाळाच्या आईला त्या रेघेचं मोल तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल.

ब्लाउज उलटा करून माया किती निघाली ते इंचात लिहा, अस्तर आहे की नाही तेही. पट्टी लागेल का, ते त्यावरून सांगते.