हिरोच्या आईचा रोल आलाय, घेऊ का?

अगं,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा शेजारी मिक्सर चालू होता, अर्धं कळलंच नाही. 6 मिनिटं बोललीस आणि प्रश्न एकच, तुझं वय 29, रोल आलाय 26 वर्षांच्या हिरोच्या आईचा, डेली सोप आहे, घेऊ का? बाकी सगळी नुसती घाबरगुंडी. फोनवर बोलले असते पण मग तू मध्ये मध्ये रडशील आणि मी विषय सोडून तुला समजावत बसेन, त्यापेक्षा लिहिते.

आधी वयाचं घेऊ. रीमा लागूंचा जन्म 1958 चा, 'मैंने प्यार किया' आला 1989 ला, म्हणजे सलमानची आई झाल्या तेव्हा त्या 31 च्या होत्या आणि पोरगा त्यांच्यापेक्षा जेमतेम 7 वर्षांनी लहान. 'वास्तव'मध्ये तर संजय दत्त आणि त्यांच्यात फक्त एका वर्षाचं अंतर. राखीचं त्याहून भारी, 1982 ला 'शक्ती'त अमिताभची आई, वयाने त्याच्यापेक्षा जवळजवळ 5 वर्षांनी लहान, आणि त्याच वर्षी 'बेमिसाल'मध्ये त्याच्यासमोर हिरोईन! तेव्हा तुझ्यावर काही आभाळ कोसळलेलं नाही, या धंद्यात हे असंच चालत आलंय. चूक आहे का? आहे. पुरुष पन्नाशीत हिरो राहतो आणि बाई तिशीत आई होते, याचा मलाही राग येतो. पण तो राग तुझ्या एकटीच्या नकाराने जाणार नाही, तुझ्या जागी दुसरी 28 वर्षांची येईल.

आता दुसरी बाजू, ती गोड बोलून लपवणार नाही. एकदा आई केलीस की कास्टिंगवाल्यांच्या डोक्यात तुझा फोटो त्या फोल्डरमध्ये जातो, आणि तिथून परत हिरोच्या बहिणीच्या नाहीतर मैत्रिणीच्या फोल्डरमध्ये यायला खूप धडपड करावी लागते, बऱ्याच जणींना जमतच नाही. त्यामुळे "घेऊ का" याचं उत्तर वयात नाहीये, रोलमध्ये आहे. एक काम कर, त्यांनी जे कॅरेक्टर स्केच पाठवलंय त्यातून मुलगा काढून टाक आणि बघ बाई उरते का. तिला स्वतःला काही हवंय का, ती कुणाशी खोटं बोलते का, तिचं कुणाशी वाजलंय का. नुसती देवघरात उभी राहून "बाळा, जेवून जा" एवढंच असेल तर सरळ नाही म्हण. 'वास्तव'मधली आई आठव, शेवटी पोराला गोळी ती घालते, तो निर्णय तिचा आहे. सिनेमा हिरोचा असूनही बाई लक्षात राहते ती त्यामुळे.

आणि हे "सपोर्टिंग म्हणजे लीड मिळेपर्यंतचं काम" हे खूळ डोक्यातून काढ. हे वेगळंच काम आहे, त्याची कारागिरी वेगळी, आणि मला ती शिकायला 3 वर्षं लागली. माझी पहिली मालिका, मी काकू. घरातला हॉल, 11 माणसं उभी, साखरपुडा मोडलाय, आणि मला अख्ख्या सीनमध्ये एक वाक्य. सकाळी 9 ला लागलो ते संध्याकाळपर्यंत तोच सीन. मास्टर झाला, म्हणजे सगळे एकत्र दिसतात तो लांबचा शॉट, मग एकेकाच्या चेहऱ्याचे क्लोज, मी आपली मागे उभी राहून शेवटची फास्ट मिळेल का याचा विचार करतेय. टेलिकास्ट बघायला अख्खी चाळ आमच्या घरी जमली आणि मी कुठेच नाही! एक वाक्य आलं तेव्हाही पडद्यावर माझी नुसती पाठ. मी चिडून एडिटरला गाठलं, मला वाटलं कुणीतरी मुद्दाम कापलंय. तो बिचारा शांतपणे म्हणाला, ताई, बसा इथे, बघा. आणि रश, म्हणजे न कापलेलं सगळं शूटिंग, दाखवलं. बाकी दहा जणांच्या चेहऱ्यावर काहीतरी घडत होतं, माझ्या चेहऱ्यावर लोकल ट्रेन होती. मला म्हणाला, हिरोईन रडते तेव्हा मला कट करून कुठेतरी जायचं असतं, तुम्ही मला जागाच दिली नाहीत.

त्या दिवसापासून मी ऐकायला लागले. खरंच सांगते, आपल्या कामात 80 टक्के ऐकणंच आहे. समोरचा काय बोलतोय ते 5 व्या टेकलाही नव्याने ऐकायचं, आणि चेहरा हलवायचा नाही उगाच, भुवया वर, तोंड उघडं, हे असलं नको, मालिकावाले झूम मारतात म्हणून आपण पण मारायचं नसतं. दुसरं म्हणजे क्यू, समोरच्याला त्याच्या वाक्याआधी द्यायचं आपलं वाक्य. समोरच्याचा क्लोज चाललाय, तू कॅमेऱ्यात नाहीस, असिस्टंट म्हणेल मॅडम तुम्ही बसा, मी देतो क्यू. बसू नकोस. उभी राहा आणि पूर्ण काम करून क्यू दे. त्याचा क्लोज चांगला जातो, आणि तो माणूस हे विसरत नाही, मला निम्मी कामं अशा न विसरलेल्या माणसांकडून आलीत. तिसरं, कंटिन्युइटी, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये सगळं आधीसारखंच राहणं, स्वतःची स्वतः बघ, कप कुठल्या शब्दाला उचललास, पदर कुठल्या खांद्यावर होता. असिस्टंट पोरं 3 सीनचं एकदम बघत असतात, त्यांच्या भरवशावर राहू नकोस.

आणखी एक. ललिता पवारांचा किस्सा तुला कुणीतरी ऐकवेलच, 1942 मध्ये शूटिंगला थोबाडीत बसली ती इतकी जोरात की चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला तो झालाच, हिरोईन होत्या त्या पुढे खाष्ट सासू झाल्या, 'अनाडी'साठी फिल्मफेअर मिळालं, म्हातारपणी दूरदर्शनच्या रामायणात मंथरा. लोक हे प्रेरणा म्हणून सांगतात. बाईंच्या जिद्दीला माझा दंडवत, पण मला त्यात आधी सेटवरचा निष्काळजीपणा दिसतो. थोबाडीत मारायचा, ढकलायचा, पायऱ्यांचा सीन असेल तर रिहर्सल मागायची, दोनदा मागायची, लाजायचं नाही. "नखरे करते" म्हणाले तर म्हणू देत.

पैशाचं. पर डे किती हे सगळ्या विचारतात, महिन्याला किमान किती दिवस देणार हे कुणी विचारत नाही. ते लिहून घे. पेमेंट साधारण 90 दिवसांनी येतं, म्हणजे आज काम केलंस तर पहिला पैसा तिसऱ्या महिन्याच्या शेवटी, तोवरचं भाडं आणि मढच्या नाहीतर नायगावच्या सेटपर्यंतचा रिक्षाखर्च आधी बाजूला ठेव. 10 टक्के टीडीएस कापतील, रिटर्न भर म्हणजे परत मिळेल तेवढं मिळेल. कॉन्ट्रॅक्टमध्ये दुसरी मालिका करायची नाही असं कलम असतंच, पण नाटकाला त्यात अडकवू देऊ नकोस, शनिवार-रविवारच्या प्रयोगांचं आधीच लेखी घे. आणि ट्रॅक, म्हणजे मालिकेतली आपल्या पात्राची गोष्ट, कधीही बंद होतो हे गृहीत धर. मला एकदा जिन्यावरून पाडून कोमात टाकलं होतं, कारण लेखकाला माझं काय करायचं तेच सुचत नव्हतं. बेडवर पडून पैसे मिळत होते ते वेगळं, पण एका शॉटला मी खरीच घोरले. मग एक दिवस फोटोला हार घातला, आणि मला कळलं ते प्रॉडक्शनच्या पोराने फोटो मागितला तेव्हा!

म्हणून हातातलं दुसरं काम सोडू नकोस अजून. रीमाताईसुद्धा युनियन बँकेत नोकरी करून नाटकं करायच्या. तू ते शाळेतलं नाट्यवर्गाचं काम कमीपणाचं समजतेस ते मला कळतच नाही.

सुरेखा सिक्रींना सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार तीनदा मिळालाय. पहिला 'तमस'साठी, तिसरा 'बधाई हो'साठी, मध्ये 30 वर्षं गेली, आणि त्या मधल्या काळातच 'बालिका वधू'ची दादीसा झाली जी घराघरात पोचली. मी तुला आशा लावत नाहीये, हिशोब सांगतेय. हिरोईनच्या रोलला मुदत असते, आपल्या खात्याला तशी नसते.

तर बुधवारच्या लूक टेस्टला जा. केसांना पांढरं लावतील, लावू दे, पण चेहऱ्यावर सुरकुत्या काढायला लागले तर गोड बोलून थांबव, पडद्यावर रंगवलेल्या दिसतात त्या, आणि तू 45 ची दिसायच्या ऐवजी गॅदरिंगमधली आजी दिसशील. खांदे जरा खाली आण, चालणं संथ कर, तेवढं पुरतं. सही मात्र लगेच करू नकोस, कॉन्ट्रॅक्टचे फोटो मला पाठव, सगळी पानं, मागच्या वेळेसारखं फक्त पैशाचं पान नको.

आणि ते कॅरेक्टर स्केच अजून पाठवलेलं नाहीस.

तुझी
ताई