'बेट' हा शब्द कमअस्सल नव्हे

एका वाचकाने विचारले आहे की, अंदमानातील अभयारण्यावरच्या लेखात 'नारकोंडम बेट' लिहावे की 'नारकोंडम द्वीप'. 'बेट' हा बोलीतला शब्द ग्रंथात शोभत नाही, असे त्यांना कोणी सांगितले. तो अवश्य शोभतो. शोभत नाही ते 'स्वराज द्वीप बेटावर' हे हल्ली सारखे कानी पडणारे रूप. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाला २०१८ मध्ये 'स्वराज द्वीप' हे नाव मिळाल्यावर त्याला पुन्हा 'बेट' चिकटवणे म्हणजे पिवळा पीतांबर नेसणे होय.

'द्वीप' म्हणजे द्वि अधिक अप्, दोहों बाजूंना पाणी असलेली जागा. पाणिनीच्या नियमाने येथे 'अप्'मधल्या अकाराचा ईकार होतो. 'समीप' आणि 'अंतरीप' हे शब्दही तसेच घडले. म्हणजे 'द्वीप' हा शब्द मुळात पाण्याविषयी बोलतो, जमिनीवर काय उगवले आहे याविषयी नव्हे.

'बेट' मात्र झाडांविषयी बोलतो, असे माझे ठाम मत आहे. आपण बांबूचे बेट म्हणतो, केळीचे बेट म्हणतो. परसातल्या बांबूच्या बेटाजवळ उभे राहून पाहावे: खाली एकमेकांत गुंतलेले कंद, वर दाटीने उभ्या काठ्या, आणि भोवती मोकळी जमीन. होडीतून दिसणारी किनाऱ्यापर्यंत झाडीने भरलेली भूमी हुबेहूब अशीच दिसते, फक्त मोकळ्या जमिनीच्या जागी समुद्र असतो. झाडांचे 'बेट' आणि समुद्रातले 'बेट' हे दोन स्वतंत्र शब्द योगायोगाने एकसारखे झाले, असे मानणाऱ्या अभ्यासकांनी हे दृश्य कधी नीट पाहिले नसावे. 'बेट'चा संबंध कन्नडमधील 'बेट्ट', म्हणजे डोंगर, या शब्दाशी जोडणाऱ्यांना तर माझा सरळ प्रश्न आहे की, डोंगरातून केळीचे बेट कसे निघाले? बेट द्वारकेच्या गुजराती किनाऱ्यावरही हाच शब्द नांदतो, आणि तिथे डोंगर शोधून सापडत नाही.

नारकोंडम हा समुद्रातून वर आलेला निद्रिस्त ज्वालामुखी आहे. सुमारे ७ चौरस किलोमीटरचा आणि दाट अरण्याने झाकलेला. नारकोंडम धनेश हा पक्षी जगात केवळ याच ठिकाणी आढळतो. तो उंबरवर्गीय झाडांची फळे खातो आणि त्यांच्या बिया रानभर पसरवतो, म्हणजे तिथली झाडी राखण्यात त्या पक्ष्याचाही वाटा आहे. अशा जागेला 'नारकोंडम बेट'च लिहावे.